‘का?’ या प्रश्नाचे ऋण

मूल बोलू लागले की आधी वस्तूंची नावे शिकते. नावांचा साठा थोडासा झाला की ते ‘का’ शिकते आणि मग घरातल्या मोठ्यांना उसंत म्हणून राहत नाही. माठातले पाणी गार का? भरती रोज उशिरा का येते? मीठ उन्हाळ्यातच का पिकते? पाहुण्यांसमोर आपण कौतुकाने सांगतो, ‘आमचा धाकटा फार चौकस आहे हो.’ पाहुणे गेले की त्याच धाकट्याला म्हणतो, ‘आता पुरे, डोके खाऊ नकोस.’ कौतुक आणि कंटाळा या दोहोंच्या मध्ये एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. प्रश्न विचारणारे मूल आपल्यापाशी एक ठेव ठेवीत असते. ‘तुम्ही सांगाल ते मी खरे मानीन,’ असा त्या ठेवीचा अर्थ असतो. इतका बिनशर्त विश्वास पुढे आयुष्यात आपल्यावर दुसरे कोणी क्वचितच टाकते. तेव्हा त्या ‘का’च्या बदल्यात आपण मुलाचे काय देणे लागतो, हा प्रश्न शिक्षणाचा आहे तितकाच नीतीचाही आहे. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पेणच्या रामवाडीचे नाव रायगड जिल्ह्यात एस.टी.शी जोडले गेले आहे. महामंडळाच्या रायगड विभागाचा कारभार येथून चालतो आणि दिवसभर लाल गाड्यांची ये-जा सुरू असते. गर्दीच्या गाडीत चालकाने एकाएकी ब्रेक दाबला की उभे असलेले सारे प्रवासी पुढे झेपावतात. आईचा पदर धरून उभे असलेले मूल अशा वेळी विचारते, ‘मला कुणी ढकलले?’ मागे वळून पाहावे तर ढकलणारे कोणीच नसते. वरवर बालिश वाटणारा हा प्रश्न फार खोल आहे. वस्तू चालत राहण्यासाठी तिला कोणीतरी सतत ढकलीत राहावे लागते, असेच थोरथोर विद्वान शतकानुशतके मानीत आले होते. गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या आरंभी त्या समजुतीला धक्का दिला आणि पुढे न्यूटनने त्याचा नियम केला.

आता या मुलाला उत्तर काय मिळते? शाळा शिकलेला एखादा काका शेजारून म्हणतो, ‘त्याला जडत्व म्हणतात.’ मूल गप्प होते. काकांना वाटते, उत्तर मिळाले म्हणून ते गप्प झाले. वास्तविक त्याला उत्तर मिळालेले नसते, एक नाव मिळालेले असते. उत्तर असे देता आले असते: ‘बाळा, तुला कुणीच ढकलले नाही. गाडी चालली होती तेव्हा तिच्याबरोबर तूही चालला होतास. गाडी थांबली, तिला टेकलेले तुझे पायही थांबले. पण वरच्या अंगाला कुणी थांबवलेच नाही, म्हणून ते पुढे गेले.’ यात एकही अवघड शब्द नाही. शिवाय या उत्तराच्या पोटात दुसरे उत्तर दडलेले आहे. गाडी सुटताना आपण मागे का रेलतो, हे ते मूल आता स्वतःच सांगू शकेल. खऱ्या उत्तराची ही पहिली खूण आम्हांस वाटते: ते पुढच्या प्रश्नालाही उपयोगी पडते.

आपण मोठी माणसे ‘का’चे ऋण साधारणतः चार प्रकारे फेडल्यासारखे करतो. एक, दटावून गप्प करतो. दोन, वर सांगितल्याप्रमाणे एखादे भारदस्त नाव देऊन मोकळे होतो. तीन, सोयीचे, ऐकीव, चटकन पटणारे उत्तर देतो. आणि चार, ‘देवाने तसे केले आहे’ असे म्हणून विषय मिटवतो. दटावणीविषयी फार बोलण्याचे कारण नाही, तिचा दोष उघडच आहे. नावाचे आपण पाहिले. उरलेले दोन प्रकार मात्र सज्जन माणसांच्या हातून, सद्हेतूने घडतात. म्हणून त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे.

*

सोयीच्या उत्तरांची तीन उदाहरणे घेऊ.

उन्हाळा का होतो? ‘सूर्य जवळ येतो म्हणून’ हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते. चुलीजवळ गेले की चटका बसतो, तेव्हा ते पटतेही. वस्तुस्थिती अशी की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी असते, म्हणजे आपल्याकडे थंडी असते तेव्हा. त्या वेळी दोहोंतील अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. पृथ्वीचा आस कललेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात किरण आपल्यावर सरळ पडतात व दिवस मोठा होतो, हे खरे कारण आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरातील मेणबत्तीचे. ताटलीत पाणी घेऊन मध्ये पेटती मेणबत्ती ठेवावी आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालावा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. ‘प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली,’ हे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून सांगितले गेले आहे. परंतु मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यातील प्राणवायूचा बराच मोठा भाग शिल्लक असतो. शिवाय जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार होते. खरे कारण मुख्यतः उष्णतेचे आहे. ज्योतीने हवा तापते, फुगते आणि पेल्याच्या कडेखालून काही बाहेरही पडते. ज्योत विझताच उरलेली हवा निवते, आकसते व बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत रेटतो. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. तोच पेला, पण आत एका मेणबत्तीऐवजी तीन लावाव्यात. पाणी अधिक चढलेले दिसेल. पेल्यातील प्राणवायू तर तेवढाच होता! मग जुने स्पष्टीकरण या दुसऱ्या प्रयोगापुढे निरुत्तर होते.

तिसरे उदाहरण समुद्राच्या निळाईचे. ‘आभाळाचे प्रतिबिंब’ हे आपले ठरलेले उत्तर. खोल समुद्राची निळाई म्हणजे आभाळाचीच परतलेली निळाई, असे लॉर्ड रॅलेसारखा मोठा शास्त्रज्ञही म्हणून गेला होता. १९२१ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नरकुंडा’ या बोटीने परतत होते. सोबत एक लहानसा निकोल लोलक होता, ज्यातून पाहिले असता पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश दूर सारता येतो. तो दूर सारूनही समुद्र निळाच दिसला. त्याविषयीचे त्यांचे पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात छापले गेले. त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर. म्हणजे रेवस-मांडव्याच्या समोरच्याच पाण्यावर ते पूर्ण झाले. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, हे रामन यांनी दाखविले. त्याच वाटेने पुढे १९२८ साली त्यांच्या नावाचा परिणाम सापडला व १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निळाईत त्याचाही मोठा वाटा आहे, हे आज आपण जाणतो. अर्थात रामन यांचे उत्तरही अखेरचे नव्हते. पण ते पुढची वाट अडविणारे नव्हते, हे महत्त्वाचे. आणि पेणच्या मुलाने विचारले की ‘मग आपली धरमतरची खाडी गढूळ का?’, तर तिथे पाण्याच्या रंगावर गाळाचा रंग मात करतो, हे त्याच धाग्यात ओवता येते.

येथे कोणी म्हणेल, ‘मुलाला सगळे कसे सांगायचे? सोपे करून सांगायचे तर थोडे खोटे आलेच.’ ही शंका रास्त आहे आणि आमच्या प्रश्नाचा गाभाही हाच आहे. सोपे म्हणजे अपुरे, हे मान्य. पण अपुरे म्हणजे खोटे नव्हे. माठातील पाणी गार का, याचे साधे उत्तर पाहा: ‘पाणी माठाच्या छिद्रांतून झिरपते व वाऱ्याने उडून जाते. उडून जायला त्याला ऊब लागते, ती ते आतल्या पाण्यातून घेते.’ यात रेणू नाहीत, आकडे नाहीत. उत्तर अपुरेच आहे. परंतु उद्या मूल म्हणाले, ‘देशावरच्या मामांकडे माठ चांगला गार होतो, आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर होत नाही, ते का?’ तर हेच उत्तर पुढे चालते. किनाऱ्याची हवा आधीच ओलसर असते, ती आणखी पाणी सहजी घेत नाही. म्हणून झिरपलेले पाणी उडत नाही आणि माठ निवत नाही. वरच्या वर्गात गेल्यावर मुलाला या उत्तरावर मजले चढवावे लागतील, पण पाया उखडावा लागणार नाही. ‘सूर्य जवळ येतो’ या उत्तराचा मात्र पायाच उखडावा लागतो. अपुरे आणि खोटे यांतील फरक आम्ही असा करतो.

असत्य म्हणजे नेमके काय, याचा विचार संत ऑगस्टीन यांनी इ.स. ३९५च्या सुमारास एक स्वतंत्र ग्रंथ लिहून केला. भल्यासाठी बोललेले असत्यही त्यांनी असत्यच मानले. पण त्याबरोबर त्यांनी एक भेदही केला. जो मनात एक ठेवून तोंडाने दुसरे सांगतो तो असत्य बोलतो. जो खरे समजून चुकीचे सांगतो त्याची गोष्ट वेगळी. या कसोटीवर मेणबत्तीचे जुने स्पष्टीकरण सांगणारा बाप किंवा शिक्षक असत्यवादी ठरत नाही. तो खरे समजूनच सांगत असतो. मग दोष कोठेच नाही काय? आम्हांस वाटते, आहे, पण तो पदार्थविज्ञानात नाही. तो आवाजातील खात्रीत आहे. ‘मी असे ऐकले आहे’ म्हणावयाचे तेथे आपण ‘असेच आहे’ म्हणतो. जे तपासले नाही ते तपासल्याच्या सुरात सांगतो. माहिती चुकली तर मुलाला ती पुढे दुरुस्त करता येते. मात्र न तपासता ठामपणे बोलण्याची सवय ते आपल्याकडून नकळत उचलते आणि ती सहसा दुरुस्त होत नाही.

*

माठ, मेणबत्ती, बसचा धक्का यांवर कोणाचे जीवन अवलंबून नसते, असे वाटेल. पण ‘का’ विचारण्याची वृत्ती एकच असते, ती माठासाठी वेगळी आणि मरणासाठी वेगळी नसते. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे.

कोकणच्या तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. पेंढा काढताना, सरपण उचलताना, अनवाणी चालताना दंश होई. वेदनेने तळमळणारे मूल घामाने भिजे, हातपाय गार पडत, पुढे श्वास लागे आणि तोंडाला फेस येऊन सारे संपे. ‘विंचवाचे विष जहाल, त्याला कोण काय करणार?’ हेच उत्तर होते. कोणी मांत्रिकाकडे जात, कोणी नशिबाला दोष देत. ही उत्तरेही एका अर्थाने सोयीचीच होती, कारण ती मिळाली की पुढे विचारावयाचे काही उरत नसे.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांनी ते उत्तर स्वीकारले नाही. विंचू दंश करतो पायाला, मग रोगी श्वास कोंडून का मरतो? हा प्रश्न धरून ते रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी करीत राहिले. हळूहळू उलगडा होत गेला. विषामुळे शरीरातील मज्जातंतूंचे एक वादळच उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. एकदा ‘का’ समजले, तेव्हा ‘काय करावे’ तेही दिसू लागले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासूनच उपलब्ध होते. १९८०च्या दशकात त्यांनी ते विंचूदंशावर वापरले. गंभीर दंशात पूर्वी शंभरातील चाळीसच्या आसपास रोगी दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकाने हे कार्य जगापुढे आणले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या गावात मोठी प्रयोगशाळा नाही तेथेही एक नीट विचारलेला प्रश्न किती जीव वाचवू शकतो, हे यावरून दिसते. म्हणून घरात मुलाच्या प्रश्नाला मान देणे हा केवळ लाडाचा भाग नव्हे. आज जो माठाविषयी विचारतो आहे, त्याला उद्या कोणत्या खाटेशेजारी बसून विचारावे लागेल, हे आपल्याला ठाऊक नसते.

*

आता चौथा प्रकार. ‘देवाने तसे केले आहे.’ श्रद्धावंत घरात हे उत्तर अत्यंत स्वाभाविक आहे, आणि आम्ही त्याला खोटे म्हणणार नाही. जे काही आहे ते त्याच्याच हातचे, हा तर आपला विश्वासच आहे. प्रश्न एवढाच की हे उत्तर आपण कशासाठी वापरतो: मुलाचे मन आकाशाएवढे करण्यासाठी की त्याचे तोंड मिटविण्यासाठी? ‘सुताराने खुर्ची केली’ हे खरे असले, तरी ‘खुर्चीचा पाय कसा बसविला?’ याचे ते उत्तर नव्हे. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर देणे हा सुताराचा गौरव नाही. उलट त्याचे कसब पाहण्याची मुलाची संधी आपण हिरावून घेतो.

या बाबतीत बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांचे वर्तन आम्हांस अनुकरणीय वाटते. विश्व प्रसरण पावत आहे, असे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले आणि १९३१ साली त्याच्या आरंभाविषयीची आपली कल्पना पुढे ठेवली. आज ज्याला महास्फोटाचा सिद्धान्त म्हणतात त्याचे बीज त्यात होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात अशा संशोधनात उत्पत्तीच्या पहिल्या प्रकाशाची साक्ष दिसते, असे सुचविले. एखाद्या धर्मगुरूला याचा आनंद झाला असता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. विज्ञानाचा सिद्धान्त आज आहे, उद्या बदलेल. त्याच्या खुंटीला श्रद्धा टांगू नये, आणि श्रद्धेच्या बळावर सिद्धान्तही खरा ठरवू नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोप महोदयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. सकाळी पवित्र मिस्सा अर्पण करणारा आणि नंतर आकाशगंगांचे गणित करणारा हा माणूस दोन्ही ठिकाणी तितकाच प्रामाणिक होता, कारण त्याने एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी कधी ठेवले नाही.

ही समज ख्रिस्तसभेला सहज आलेली नाही. बसमधल्या मुलाचा प्रश्न ज्याने सोडविला त्याच गॅलिलिओला १६३३ साली दोषी ठरविण्यात आले होते. त्या काळच्या धर्मपंडितांची त्यात चूक झाली, हे ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीरपणे मान्य केले. ३५९ वर्षे ही एका प्रश्नाचे तोंड मिटविण्याची किंमत होय. तिचा लहानसा हप्ता आपण आपल्या स्वयंपाकघरात भरत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

*

या साऱ्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळली तर लेख एकांगी होईल. स्पष्टीकरण भाकरीसारखे देता येते, तसे ते दगडासारखे फेकताही येते.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणेशमूर्ती दूध पीत असल्याची वार्ता पसरली. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखविले की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते व मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याचे ऐकून सर्व धर्मांचे लोक ते प्यावयास धावले. पावसाळ्यात नदीनाल्यांचे गोडे पाणी खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात मिसळते. ते पाणी दूषित असल्याने पिऊ नये, असे सरकारला परोपरीने सांगावे लागले. अशा गोष्टी वाचताना शेजाऱ्याच्या भोळेपणाला हसण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्यातील इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चमध्ये क्रूसावरील प्रभूच्या चरणांतून पाणी ठिबकू लागले, तेव्हा प्रार्थनेसाठी व ते पाणी नेण्यासाठी गर्दी आपल्याच लोकांची होती.

दिल्लीचे बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी तेथे जाऊन पाहणी केली. जवळच्या सांडपाण्याची नाली तुंबलेली होती. भिंत ते पाणी शोषून घेत होती आणि सूक्ष्म छिद्रांतून वर चढणारे पाणी खिळ्यावाटे चरणांपाशी येत होते, असे त्यांनी सांगितले. दिव्याची वात तेल वर खेचते त्यातलाच हा प्रकार. पुढे दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्यांनी चर्चच्या हेतूंवरही आरोप केले. भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

या प्रकरणात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या, त्या सोडवून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. भिंतीत पाणी कोठून येते, हा एक प्रश्न. धर्मगुरूंच्या मनात काय आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नाली उपसून कोणालाही तपासता येते. दुसऱ्याचे उत्तर नालीत सापडत नाही. त्याला वेगळा पुरावा लागतो. पहिल्यातील खात्री दुसऱ्याला उसनी देणे हे स्पष्टीकरण देणाऱ्याचे अनौचित्य होय. पण आपल्या बाजूनेही तशीच गल्लत झाली. दुसऱ्याचा राग आपण पहिल्यावर काढला. नालीविषयीचे म्हणणे खरे की खोटे, हे पाहण्याऐवजी म्हणणाराच नकोसा झाला. जी श्रद्धा एका तुंबलेल्या नालीने डळमळेल ती प्रभूवर नव्हती, ओल्या भिंतीवर होती. शिवाय चमत्काराचा निर्वाळा घाईने देऊ नये, नैसर्गिक कारणांचा आधी कसून शोध घ्यावा, ही तर ख्रिस्तसभेचीच जुनी शिस्त आहे. संतपदाच्या चौकशीत डॉक्टरांची साक्ष घेतली जाते ती याचसाठी.

तेव्हा मुलाला सत्य सांगताना शेजाऱ्याला लहान करून सांगू नये. पेण तर गणेशमूर्तींचे गाव. ‘शाडूची मूर्ती विरघळते, प्लास्टरची का नाही?’ असे मूल विचारील. शाडूचे कण नुसते सुकलेले असतात, पाणी मिळताच सुटे होतात. प्लास्टर पाण्याशी संयोग पावून त्याचे स्फटिक एकमेकांत गुंततात, म्हणून ते सहजी सुटत नाही. एवढे सांगावे. त्यात कारागिराच्या हाताचे कौतुकही सांगावे. कोणाच्या पूजेवर शेरा मारण्याचे कारण नाही.

*

अखेरीस एक अडचण उरते, आणि ती खरी आहे. आपल्यापैकी अनेक घरांतील आईवडील फारसे शिकलेले नाहीत. त्यांना वाटते, हे काम शिक्षकांचे, आपल्या हाती काय? परंतु खाडीकाठच्या कोळ्याला विचारून पाहा, भरती किती वाजता? तो तिथीची पाऊणपट करतो. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. हा हिशेब शाळेतून आलेला नाही. आणि त्याचे कारण आजच्या विज्ञानाने तपासले तरी तो उभा राहतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तेवढ्यात चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठावयास सुमारे ५० मिनिटे जास्त लागतात, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. आजोबांची पाऊणपट आणि नातवाचे पाठ्यपुस्तक एकमेकांशेजारी ठेवले तर दोघांनाही काही नवे मिळेल. मिठागरात राबलेला माणूस, खारबांधाची खांड बुजविणारा शेतकरी, पोहे कांडणारी, पापड वाळविणारी बाई यांच्यापाशी अशी कितीतरी उत्तरे आहेत. त्यांना ती उत्तरे वाटत नाहीत, एवढेच.

आणि जे ठाऊक नाही त्याचे काय? तेथे ‘मला माहीत नाही’ हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे, मात्र ते तेवढ्यावर सोडू नये. ‘मला माहीत नाही, आपण पाहू’ असे म्हणावे. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की एका पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. आणि ते खरोखरच उत्तरे लिहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. पुण्याच्या ज्या संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते त्या आयुकामध्ये विश्वाची कोडी सोडविणाऱ्या या माणसाला खेड्यातल्या मुलाचे पोस्टकार्ड कमी महत्त्वाचे वाटले नाही. मोठेपणाची ही रीत आपल्यालाही परवडणारी आहे. तिला लागतो तो थोडा वेळ आणि थोडी नम्रता.

आमच्या मते ‘का’चे ऋण म्हणूनच ज्ञानाचे ऋण नव्हे, प्रामाणिकपणाचे आहे. जे ठाऊक आहे ते साध्या शब्दांत, जे ऐकीव आहे ते ‘ऐकले आहे’ असे सांगून, जे ठाऊक नाही ते मोकळेपणाने मान्य करून द्यावे. ज्या घरात मुलाला ‘बाबा ठाऊक नसेल तर तसे सांगतात’ असा अनुभव येतो, त्या घरात बाबा जेव्हा देवाविषयी, क्षमेविषयी, प्रीतीविषयी ठामपणे काही सांगतात, तेव्हा मूल ते ऐकते. ज्या घरात माठाविषयीही ठोकून दिले जाते, तेथे श्रद्धेचे शब्दही पुढे त्याच पारड्यात तोलले जातात. धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठविण्याआधी घरात हा पाया घातला गेला पाहिजे.

सुरुवात फार साधी करता येईल. मे महिन्याच्या मध्याला एका दिवशी आपल्या भागात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस हेच पुन्हा घडते, पण ढगांमुळे ते सहसा दिसत नाही. त्या आठवड्यात सुट्टीवर असलेल्या मुलांना घेऊन अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि रोज साडेबारापासून पाऊण वाजेपर्यंत सावली मोजावी. उन्हाळ्याचे कारण सूर्याची जवळीक आहे की त्याच्या किरणांचा सरळपणा, याची चर्चा मग काठीभोवतीच बसून करावी.